काळ्या अंगणाची केरसुणी

मित्रांनो, जरा लांब उभे राहूनच ऐका. मी एक जुनी केरसुणी आहे, ताडाच्या पानांची, लांब दांड्याची. माझ्या पानांच्या बेचक्यांत काय साचले आहे हे मला फार उशिरा कळले, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म डोंगरातल्या एका गावी झाला. नेफ्ताली नावाच्या म्हाताऱ्याने ताडाची पाने उन्हात वाळवली, त्यांच्या बारीक पट्ट्या फाडल्या आणि पेरूच्या काठीला सुतळीने आवळून बांधल्या. बाजारात मला एनेरोलिसाने उचलले. वाकवून पाहिले, जमिनीवर एकदा फिरवून पाहिले आणि खांद्यावर टाकून घरी नेले.

आमच्या बेटाच्या राजधानीबाहेर, नदी समुद्राला मिळते तिथे तिची वस्ती. एनेरोलिसा श्रद्धाळू बाई. उजाडता उजाडता आल्ताग्रासिया मातेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची आणि लगेच मला हातात घ्यायची. तिथल्या बायकांची रीतच तशी. अंगण मातीचे असले तरी त्यावर वाळके पान दिसता कामा नये आणि झाडल्याच्या रेघा ओळीने उमटल्या पाहिजेत. रेघा नसतील तर घरची बाई आळशी, असे सरळ तोंडावर बोलायचे.

"एनेरो, तुझ्या अंगणात सांडलेला भात उचलून खावा, इतकं लख्ख," शेजारच्या दोन्या मिंगा, म्हणजे मिंगाबाई, कुंपणावरून म्हणायच्या. "आमच्याकडे बघ. चार धटिंगण, आणि एकाला पाय पुसायची अक्कल नाही. बापावर गेलेत."

मित्रांनो, हे ऐकून मला केवढा अभिमान वाटायचा!

मग एका वर्षी नदी अंगणात शिरली आणि महिनाभर चिखल हटेना. वस्तीच्या टोकाला एक भट्टी होती. तिथे गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातले शिसे वितळवत. भट्टीच्या दाराशी शिसे काढून उरलेल्या काळ्या खडीचे ढीग पडलेले असत. हवी तेवढी न्या, भट्टीवाला म्हणाला. एनेरोलिसाच्या नवऱ्याने, सिप्रियानने, दिवसभर हातगाडीने खडी ओढली आणि चोपून चोपून अंगण उंच केले. सगळ्या वस्तीने तेच केले. चिखल गेला. लोकांनी भट्टीवाल्याला दुवा दिला.

ती खडी उन्हाने सुकली की वरचा थर पिठासारखा सुटायचा. मी तो झाडायचे. करडा लोट उठायचा आणि दोरीवरच्या कपड्यांवर, उकडलेल्या केळ्यांच्या पातेल्यावर अलगद बसायचा. एनेरोलिसाची तीन वर्षांची लेक दारलिन तिथेच फतकल मारून बसलेली असे. माझ्या रेघांवर बोटाने कोंबडे काढायची आणि तेच बोट चोखायची. मी तिच्या भोवतीने हळूच फिरायचे, तिचे कोंबडे मोडू नयेत म्हणून.

पुढे दारलिनचे पोट दुखू लागले. जेवण सुटले. चेहरा मेणासारखा झाला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, येत असलेले शब्द ती हरवू लागली. पहाटे कोंबडा आरवला की ती त्याची नक्कल करायची. एके दिवशी कोंबडा आरवला आणि ती नुसती बघत राहिली.

"नजर लागली गं," दोन्या मिंगा म्हणाल्या. "लोकांचे डोळे म्हणजे विंचू." त्यांनी पोरीच्या मनगटात काळा मणी बांधला. गुण आला नाही.

तेव्हा एनेरोलिसाने नवस केला. मातेच्या सणाआधी नऊ दिवस, सकाळ-संध्याकाळ, उपाशीपोटी, स्वतःचे अंगण आणि देवळापर्यंतची गल्ली झाडायची. ज्याच्यासाठी नवस, ते माणूस जवळ हवे, म्हणून दारलिनला शेजारी घेऊन.

मित्रांनो, त्या दिवसांत मी जितक्या मनापासून झाडले तितके आयुष्यात कधी झाडले नव्हते. पोर खोकायची. एनेरोलिसा तिच्या तोंडावर पदरासारखी ओढणी धरायची आणि आणखी जोर लावायची.

सातव्या दिवशी बेल्किस नावाची नर्स आली. वस्तीतल्या मुलांच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन ती एका छोट्या यंत्रात घालत होती. दारलिनचा आकडा तिने दोनदा पाहिला.

"बेचाळीस," ती म्हणाली. "पाचाच्या वर गेलं तरी आम्हाला काळजी वाटते. हे शिसं आहे, ताई. पोटात दुखतं, रक्त कमी होतं, डोक्यावर परिणाम होतो. अंगणात काय भरलंय?"

"भट्टीची खडी. पण मी दिवसातून दोनदा झाडते हो," एनेरोलिसा घाईने म्हणाली.

नर्सने अंगणातली धूळ बोटावर घेऊन पाहिली. "कोरडंच?"

"मग? पाणी मारलं तर रेघा कशा उमटतील?"

"आणि तेव्हा ही कुठे असते?"

एनेरोलिसाने पोरीकडे पाहिले. माझ्या दांड्यावरचा तिचा हात गार पडला. त्या गार हातातून मलाही कळले. तो लोट मीच उठवला होता. रोज, न चुकता, कौतुक करून घेत.

"हिला आजच इथून हलवा," नर्स म्हणाली.

"दोन दिवस राहिलेत नवसाचे," दोन्या मिंगा हलक्या आवाजात म्हणाल्या. "अर्धा टाकू नकोस. मातेचा कोप झाला तर आहे तेही जाईल."

एनेरोलिसा मला धरून उभी होती. तिने मला उचलले असते तर मला झाडावेच लागले असते. मला नाही म्हणता येत नाही. शेवटी ती तसबिरीकडे तोंड करून म्हणाली, "माते, हिच्यासाठी झाडत होते, हिच्यासाठीच थांबते. रागवायचं तर माझ्यावर रागव." मला भिंतीला टेकवून, पोरीला उचलून, ती डोंगरातल्या बहिणीकडे जाणाऱ्या बसमध्ये चढली.

तीन महिने झाले. दारलिनचा आकडा एकतीसवर आला आहे, असे सिप्रियानला फोनवर बोलताना ऐकले. पोर थोडे जेवते. कोंबड्याला मात्र अजून उत्तर देत नाही. देईल की नाही, हे नर्सही सांगत नाही.

आज तोंडाला फडकी बांधलेली माणसे अंगण खरवडत आहेत, पाणी मारून मारून. मी टाकायच्या ढिगात पडून आहे. मित्रांनो, फुकट मिळालेली माती कुठून आली ते विचारल्याशिवाय दारात घेऊ नका. धूळ कोरडी उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. लहानग्यांचे हात जेवणाआधी धुवा. आणि मला जाळू नका. शिसे जळून जात नाही, ते राखेत बसून राहते.

आत्ता ढिगाजवळ दोन्या मिंगा येऊन उभ्या राहिल्या आहेत. "चांगली आहे की अजून," त्या स्वतःशीच म्हणत आहेत. "धाकट्या सुनेला सातवा महिना लागलाय. तिच्या नव्या खोलीला होईल."

फडकी बांधलेली माणसे पाठमोरी आहेत. दोन्या मिंगांनी माझा दांडा धरला आहे. मित्रांनो, मला तोंड नाही. तुम्हाला आहे. त्यांना हाक मारून थांबवा.