होदनला विचारायचं राहिलं होतं

माधवी तायडे अकोल्यातल्या एका कृषी महाविद्यालयात अकरा वर्षं दुग्धशास्त्र शिकवत होती. एवढ्या वर्षांत तिच्या तासातून कोणी न विचारता उठून गेलं नव्हतं. त्या मंगळवारी गेलं.

दुधातली फॅट मोजायचं प्रॅक्टिकल चाललं होतं. सोमालियाहून आलेली होदन नेहमीसारखी मागच्या टेबलापाशी मान खाली घालून उभी होती. नळीतली फॅटची रेघ तिला जवळून दाखवावी म्हणून माधवीनं बोट वाकवून खुणावलं, "ये, इकडे ये." होदननं त्या बोटाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम बदलला. तिनं वही उचलली, डोक्यावरचा स्कार्फ सारखा केला आणि दारातून चालती झाली. पन्नास पोरं माधवीकडे पाहत राहिली.

"आधीच नजर वर करून बोलत नाही, वरून हे," विभागप्रमुख केशवराव म्हणाले. "मेमो देऊन टाका म्याडम. बाकीचे पोट्टे पाहून राहिले."

माधवीलाही राग आलाच होता. मेमो तिनं लिहिलासुद्धा. पण दुसऱ्या दिवशीही होदन आली नाही, तेव्हा तिच्या मनात काहीतरी खटकलं. संध्याकाळी ती स्कूटी घेऊन जठारपेठेत गेली. तिथे पार्वताबाई नावाच्या म्हातारीच्या घरी होदन वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. होदन नमाज पढत होती, म्हणून पार्वताबाईंनी माधवीला खालीच बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"बोटानं बोलावलं तुमी तिले?"

"हो. काहून, काकू?"

"मीबी पयल्या आठवड्यात तसंच केलं होतं. जेवाले बोलावलं गॅलरीतून. दोन दिवस बोलली नाही पोरगी माह्यासंग. मंग सांगितलं तिनं. त्यायच्या इकडे असं बोट वाकवून कुत्र्याले बोलावतेत, बाई. माणसाले पुरा पंजा खाली करून बोलवा लागते, असा."

माधवीनं पाण्याचा गिलास खाली ठेवला. "अन् मान खाली घालून उभी राहते, ते?"

"मास्तरच्या डोळ्यात डोळे घालून पायत नाहीत म्हणे. तो मान हाय तुमचा." पार्वताबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "माफी मागाची असंल तं इथं नोका मांगू. चारचौघात झालं न ते? मंग चारचौघातच मिटवा."

होदन खाली आली तेव्हा माधवी एवढंच म्हणाली, "उद्या वर्गात ये. मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे." होदन घाबरली, पण आली. माधवीनं इंग्रजीत आणि मग मराठीत वर्गाला सांगितलं की चूक आपली होती, आणि काय चूक होती तेही सांगितलं. केशवरावांना हे काही पटलं नाही, पण मेमो माधवीनं आधीच फाडून टाकला होता. होदन उभी राहून हळूच म्हणाली, "मीसुद्धा न सांगता गेले, मॅडम. तेही बरोबर नव्हतं."

माधवी इथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिला आता हुरूप आला. अख्खा रविवार तिनं सोमालियाबद्दल वाचण्यात घालवला. उंटांचे कळप, उंटाचं दूध, दुष्काळात कुरणं शोधत फिरणारी कुटुंबं. वाचताना तिला वाटलं, अरे, ही पोरगी तर आपल्याच विषयातली आहे! सोमवारी उंटाच्या दुधावर बोलता बोलता तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "आता पुढचं आपल्याला होदन सांगेल. तिच्या घरचाच विषय आहे हा."

होदन उभी राहिली.

"मॅडम, मी उंट बसच्या खिडकीतून पाहिलेत," ती म्हणाली. "आमचं घर मोगादिशूत आहे. वडिलांचं औषधांचं दुकान आहे. शेळीलासुद्धा मी इथेच पहिल्यांदा हात लावला."

वर्ग खदखदून हसला. होदनही कसंनुसं हसली आणि बसली. माधवीला मात्र त्या हसण्यात अमरावतीचं आपलं कॉलेज आठवलं. दर एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात एक सर तिला उभं करायचे आणि म्हणायचे, "माधवी, तुमच्या समाजाबद्दल तूच बोल." ती बोलायची. चांगलं बोलायची, टाळ्याही पडायच्या. पण तिनं तीन महिने खपून गाईच्या कासदाहाच्या आजारावर सेमिनार तयार केला होता, तो तिला कधी वर्गात सादर करायला मिळाला नाही. त्यासाठी सरांना तिचं नाव सुचलंच नव्हतं.

तास संपल्यावर तिनं होदनला थांबवलं.

"मी तुझ्या देशाबद्दल पुष्कळ वाचलं," ती म्हणाली. "तुला विचारलंच नाही. तुला काय अडतं?"

होदननं आधी नेहमीसारखं "काही नाही" म्हटलं. माधवी स्टूल ओढून बसली. तशी पोरगी हळूहळू बोलू लागली. मॅडम इंग्रजीत शिकवतात, पण नेमका कठीण भाग आला की मराठीत शिरतात. सगळ्यांना कळतं, पण तिचं मराठी घरात बोलण्यापुरतंच आहे. तिला ऐकलेलं पाठ होतं, लिहायला मात्र वेळ लागतो. मधली काही वर्षं तिकडे लढाईमुळे शाळाच बंद होती. टेस्टचे मार्क मोठ्यानं वाचतात तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. आणि दुपारच्या लांब प्रॅक्टिकलमध्ये नमाजला दहा मिनिटं मिळाली तर बरं होईल.

यातलं काहीच अवघड नव्हतं, याचंच माधवीला वाईट वाटलं. नमाजसाठी तिनं प्रयोगशाळेमागची स्टोअरची खोली झाडून घेतली. मार्क वाचणं बंद केलं. कठीण भाग ती आधी मराठीत सांगायची, मग सावकाश इंग्रजीत, आणि शेवटी कोणाला तरी तोंडी परत सांगायला लावायची. वर्गातली शेंदूरजनाघाटची खुशी आठवडाभरानं म्हणाली, "मॅडम, असं दोनदा सांगता ते बरं आहे. मले इंग्रजीतलं काईच समजत नव्हतं, सांगाची लाज वाटे."

सेमिस्टरच्या शेवटी होदन दुग्धशास्त्रात चांगली पास झाली. संख्याशास्त्रात राहिली. निकालाच्या दिवशी ती रडली, आणि संध्याकाळी तिनं माधवीला चहाला बोलावलं.

वेलची, दालचिनी आणि लवंग घातलेला गोड चहा पार्वताबाईंच्या ओसरीवर आला. तेवढ्यात मोगादिशूहून होदनच्या आईचा व्हिडिओ कॉल लागला. आई भरभर काहीतरी विचारत होती.

"आई विचारते, तुम्ही कोणाची मुलगी?"

"पुंजाजींची."

"आणि ते कोणाचे?"

"तुळशीरामांचे."

"आणि ते?"

माधवी अडखळली. मग तिनं आपल्या मोबाइलवरून मूर्तिजापूरला वडिलांना फोन लावला. "बाबा, तुमच्या आजोबांचं नाव काय होतं?"

"काहून वं? कोणता फारम भरून राहिली?"

"फॉर्म नाही. एक बाई विचारून राहिली."

"गणू," पुंजाजी म्हणाले. "त्याच्या मांगचं मले कोणी सांगितलं नाही, बाई. आमाले कोणी विचारलंबी नाही कधी." मग ते म्हणाले, "लिहून ठेव. गणू."

माधवीनं ते नाव मोठ्यानं सांगितलं. पडद्यावरच्या बाईनं चारही नावं एकामागून एक नीट उच्चारून पाहिली आणि मान डोलावली. होदननं भाषांतर केलं, "आई म्हणते, आता तिला कळलं, मी कोणाजवळ आहे."

"इकडे दाखव तो फोन," पार्वताबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "माह्यंबी सांग तिले. मी सात पिढ्या सांगतो."