एका पत्तीची फट

त्या गॅरेजात दोघे भाऊ काम करायचे, आता एकच करतो. तरी येणारं-जाणारं गिऱ्हाईक त्याला थोरलाच म्हणतं. थोरला म्हटलं की कुठेतरी धाकटा असावा लागतो. धाकटा होता. नऊ वर्षांपूर्वी, भर दुपारी, एका इंजिनावरचं झाकण बसवून त्याने शेवटचा बोल्ट आवळला, हात पुसायला फडकं मागितलं, आणि थोरला फडकं घेऊन वळेपर्यंत तो भुईवर बसला होता. बसला तो बसलाच.

ते इंजिन पेट्रोलच्या गाडीचं, गाडी थोरल्याच्या लेकीची. लेक नर्स, घरोघर जाऊन दुखणाईतांच्या जखमा धुते, पट्ट्या बदलते. तिला नोकरी लागली तेव्हा काकाने आपल्या हाताने गाडीचे टॅपेट लावून दिले होते. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपांवर टकटक करणारे चिमुकले दांडे. दांडा आणि झडप यांत केसाएवढी फट ठेवायची, आणि ती मोजायला पोलादाच्या पातळ पत्त्या असतात. किती फट ते पुस्तकात छापलेलं असतं. धाकटा मात्र पुस्तकाहून एक पत्ती जास्त ठेवायचा.

"वाजलं तर वाजू दे, दादा. झडप जळायला नको."

म्हणून त्याच्या हातची गाडी जरा वाजायची. टिक टिक टिक. थोरला चिडवायचा, "गाडी आली का शिलाई मशीन आलं रे?"

धाकटा गेला, टिकटिक राहिली. नऊ वर्षांत थोरल्याने त्या गाडीचं तेल बदललं, क्लच बदलला, ब्रेक बदलले, पण ते एक झाकण उघडलं नाही. रोज संध्याकाळी लेक घरी जाताना गॅरेजसमोर थांबायची, इंजिन चालूच ठेवायची. थोरला लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचा आणि मूठ कानाला लावायचा. मेकॅनिक लोकांची ही जुनी रीत, डॉक्टरच्या नळीसारखी. डोळे मिटायचा. आणि मग अंधारातून, तेलातून, तापल्या लोखंडातून कुणीतरी म्हणायचं, आहे, आहे, आहे.

"आज दमलाय," तो कधी म्हणायचा. लेक विचारायची नाही, कोण ते.

आजकाल ज्याला त्याला एकच कोडं पडलेलं, विजेची घ्यावी की पेट्रोलची. ते कोडं घेऊन लोक थोरल्याकडेच येत, कारण तो स्वतःच्या पोटावर पाय देऊन खरं सांगायचा. दोनच प्रश्न विचारायचा. रोजचं जाणं किती? आणि रात्री गाडी उभी कुठे राहते? जाणं ठरलेलं, आणि गाडीशेजारी भिंतीत प्लग, तर खुशाल विजेची घ्या, माझं तोंड कमी बघाल. लांबच्या फेऱ्या फार, किंवा गाडी मिळेल त्या गल्लीत लावता, तर अजून पेट्रोलच बरी. नाहीतर चार्जिंगच्या रांगेत उभे राहाल आणि शिव्या मला घालाल.

लेकीचं जाणं रोज पन्नास किलोमीटर, घडीघडीला थांबा, आणि रात्री गाडी घराच्या भिंतीला चिकटून. उत्तर शेंबड्या पोरानेही दिलं असतं. पण तिने विषय काढला की थोरला पाठ फिरवायचा. "ही अजून दहा वर्षं ओढेल. मी आहे ना बघायला."

मंगळवारी सकाळी पुलाच्या चढावर त्या गाडीने मान टाकली. मागे मालाने भरलेला ट्रक. तो दोन हातांवर येऊन थांबला.

लेकीला गॅरेजवर आणलं शिकवणीवालीने. बाई गाडी चालवायला शिकवायची. वयाने थोरल्याच्या बरोबरीची, जिभेने दुप्पट. तिची गाडी विजेची, बिनआवाजाची. ती दारात कधी आली ते थोरल्याला कळलंच नाही. मान वर केली तर समोर लेक उभी, चेहरा पांढराफटक.

"घ्या तुमची लेक," शिकवणीवाली म्हणाली. "ट्रकवाल्याचे ब्रेक चांगले होते, म्हणून हातीपायी धड देतेय. गाडी मागून येतेय, ओढत."

थोरला उगाच शिकवणीवालीच्या गाडीभोवती फिरू लागला. "ही कशी चालतेय?"

"वर्ष झालं. तेल नाही, गिअर नाही. पोरं क्लच जाळायची, आता जाळायला काही ठेवलंच नाही."

"टायर?"

"लवकर झिजतात. अंगाने जड आहे ना, माझ्यासारखी. थंडीत लांब जाववत नाही, तेही माझ्यासारखंच."

त्याने बॉनेट उघडायला लावलं, सवयीने पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली. काही नाही. अजून दाबली. तेव्हा ऐकू आलं, धड, धड, धड. त्याचं स्वतःचं काळीज होतं ते. त्याने हात मागे घेतला.

"हिच्यात कुणीच नाही," तो म्हणाला.

"असायला कशाला हवं? मी बसते की!" शिकवणीवाली हसली, मग त्याच्या तोंडाकडे बघून हसू गिळलं, आणि गाडीत बसून आली तशी निघून गेली.

ओढून आणलेली गाडी आत लावली. लेक गाडीला टेकून उभी राहिली.

"बाबा, जगाला विचारता ते दोन प्रश्न मला का नाही विचारत?"

तो फडक्याने हात पुसू लागला.

"चढावर तो आवाज मोठा होत गेला. मी मनात म्हटलं, काका आहे, काही होणार नाही. मग खटकन तुटला. कितीदा सांगितलं तुम्हाला, झाकण उघडा."

"उघडलं की संपलं गं. हात लागला की तो जाईल."

"आणि मी?"

एवढंच म्हणाली. थोरल्याने दहाचा पाना उचलला.

टॅपेट गार इंजिनावरच लावतात. इंजिन एव्हाना गार झालं होतं, झाकणावर हात ठेवला तर अंगावर काटा यावा इतकं. नऊ वर्षांपूर्वी धाकट्याने आवळलेला शेवटचा बोल्ट त्याने पहिला सोडला. झाकण चिकटून बसलं होतं. मुठीने ठोकल्यावर सुटलं, आणि आतला जुना, गोडसर, जळका वास दोघांच्या तोंडावर आला. लेक एक पाऊल मागे सरली.

आत आठ नट, एकेका दांड्याची फट धरून ठेवणारे. प्रत्येकावर धाकट्याने पांढऱ्या रंगाची रेघ ओढलेली. नट जरा जरी हलला तर रेघ तुटावी, कळावं. सहाव्याची रेघ तुटली होती. तोच सैल होऊन चढावर दगा देऊन गेला. बाकी सात रेघा अखंड, जणू सकाळी ओढलेल्या.

"बघ," थोरला पुटपुटला. "सातांना कुणाचा हात नाही लागलेला. त्याने ठेवली तशीच फट."

त्याने धाकट्याच्या मापाची पत्ती पहिल्या फटीत सरकवली. ती लटकली. त्याने दुसरी जोडली. तिसरी. चौथी जोडली तेव्हा कुठे पोलादाने पोलाद धरलं. दुसऱ्या फटीतही तेच, तिसऱ्या फटीतही तेच. नट जागचे हलले नव्हते. पण दांड्यांची तोंडं झिजून खोलगट झाली होती, रोज थोडी, रोज थोडी.

तो खाली बसला. लेक घाबरून जवळ आली. "बाबा?"

"त्याची फट एका पत्तीची," तो म्हणाला. "बाकीची कुणाचीच नाही. नुसती झीज वाजत होती गं. मी कान लावून बसायचो, आणि ती वाजायची."

"मग काका?"

"सुरुवातीला असेल. कधी उठून गेला, मला कळलं नाही."

मग त्याने आठही टॅपेट लावले. पुस्तकाप्रमाणे नाही, एक पत्ती जास्त. एकाचंही माप चुकलं नाही. झाकण बसवलं. लेकीने किल्ली फिरवली.

आवाज आला, पण केवढासा! लांबच्या खोलीत कुणी नखाने लाकूड वाजवावं तसा. थोरल्याने पेचकस घेतला नाही, नुसता वाकला.

"काका असाच वाजायचा?"

थोरल्याने आठवून बघितलं. नऊ वर्षांचा तो मोठा आवाज मध्ये आला, त्याच्या पलीकडचं काही दिसेना. भावाचा आवाज समोर चालू होता, आणि त्याला ओळख पटत नव्हती.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पुसला गेलाय."

इंजिन चालत राहिलं. ते काही म्हणत नव्हतं.

"उद्या सुट्टी काढ," तो म्हणाला. "विजेची बघायला जाऊ. तुझ्या जाण्याला तीच बरी. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

लेकीने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, राग अजून गेला नव्हता. "आणि ही?"

"लांब जाणारा कुणी असेल, त्याला देऊ. आता देताना लाज वाटणार नाही."

तिचा हात किल्लीवर गेला, आणि तिथेच राहिला.

"बंद करू?"

तो अजून वाकलेलाच होता, कान देऊन, अनोळखी माणसाच्या दाराशी उभं राहावं तसा. शेवटी कंबर सरळ केली.

"कर."