दूधवाला आत गेला तो गेलाच

ऐन सांजच्याले लाईन गेली अना जमुनाबाईनं कपाळाले हात लावला. पाहुणे बाजेवर बसलेले, सीरियलचा शेवटचा भाग सुरू व्हाले आलेला, अना टीव्ही काळा ठिक्कर.

पाहुणे म्हणजे बिरसी गावचे भैयाजी, रविताचे बाप. जमुनाबाईचा उमेंद्र मुंबईले सीरियलमध्ये काम करते. त्याच्यासाठी तिनं रविताले मागणं घातलं होतं. पण भैयाजीच्या कानावर कोणीतरी घातलं, का पोरगा सीरियलमध्ये नाही, कोणत्या तरी बिल्डिंगीवर चौकीदार आहे. जमुनाबाई तापली. "शेवटचा भाग आमच्या घरी येऊन पाहा, भैयाजी. आपल्या डोयानं पाहा."

तिचा नवरा मनीराम तवाच म्हणाला होता, "अवं, तो शेवटी दिसते म्हणून तुले सांगितलं कोणी?"

"दिसन नाही तं तो जाईन कुठी?"

तिचंही काही चुकलं नव्हतं. सीरियल खुनाची, उमेंद्र त्यात दूधवाला. हवेलीच्या फाटकापाशी सायकल लावून, कॅन घेऊन तो मागच्या दारानं आत गेला, अना तवापासून बाहेर आलाच नाही. जमुनाबाईनं उभा जन्म गावची दंडार पाहिलेली. दंडारीच्या खेळात ज्यानं तोंडाले रंग लावला, मग तो राजा असो का झाडूवाला, शेवटी तो समोर येऊन हात जोडणार. त्याच्याबिगर लोक उठतच नाहीत. मुंबईवाले का एवढं बी पाळणार नाहीत?

लाईन आली. पोलीसवाला सगळ्यायले एका खोलीत बसवून बोलून राहिला होता. मालकाले जहर कोणी देलं, सुनेचा हार कुठी गेला, एकेक उकलून सांगे. जमुनाबाई पदर पिळत टीव्हीतल्या मागच्या दाराकडं पाहे. दार बंद.

"आता येईन तो," ती पुटपुटली.

मुनीमाले बेड्या पडल्या. जीप निघाली. फाटकापाशी सायकल तशीच उभी, अना वरून नावं पळाले लागली.

"झालं?" भैयाजी म्हणाले.

जमुनाबाई टीव्हीकडं बोट दाखवून म्हणाली, "खोटं नाही बोलत जी म्या. सायकल पाह्यली ना तुमी?"

"सायकल कायले दाखवता? म्या तं पोराले बी पाह्यलं."

"पाह्यलं?"

"घरी दर भाग पाहून राहिलो. चौकीदाराची गोष्ट तवाच सोडली. नाक तं मनीरामचंच." मनीरामनं उगाच नाक चोळलं. "म्या आलो, तो बाहेर निघते का नाही, ते पाहाले. एवढे पोलीस हवेलीभर फिरले. एकानं तरी पुसलं, का बापा, हे सायकल कोणाची?"

"भैयाजी, ते सीरियल आहे," मनीराम म्हणाला.

"अना मुंबई? तिथं माणूस हरपला तं पुसते कोणी? तिथं पोरगी कशी धाडू?"

 खरं तं हेच जमुनाबाईले कवाचं खाऊन राहिलं होतं. दूधवाला नाही, आपला पोरगाच त्या दारातून आत गेला, असं वाटे. तिनं उमेंद्रचा नंबर लावला अना मोबाईल भैयाजीले देला. "तुमीच पुसा."

भैयाजीनं रामराम बी नाही केला. "बापू, सांजले खोलीवर नाही आला तं तुले शोधाले कोण येते?"

मोबाईलचा आवाज मोठा, सगळ्यायले ऐकू ये.  पलीकडून नुसते मोटारींचे भोंगे. घे रे बाबा एखादं नाव, जमुनाबाई मनात म्हणाली, खोटं का असेना.

"कोणी नाही जी," तो म्हणाला. "म्हणून तं लगन करून राहिलो."

जमुनाबाईनं डोळे मिटले. संपलं.

भैयाजी बाजेवर सावरून बसले. मग म्हणाले, "इतवारी बिरसीले ये. हेच रवितासमोर सांग. ती हो म्हणली तं माझी ना नाही."

"येतो जी."

भैयाजीनं मोबाईल परत देला. जमुनाबाईनं तो दोन्ही हातांनी धरला.

"कोणत्या गाडीनं येशीन?" ती म्हणाली. "गाडीत बसला का फोन कर. अना नागपूर आलं का फोन कर. आयकून राहिला ना? अरे, बोल ना!"