खरी आजी पाहिजे

कॉर्नेलियाबाई व्हिएन्नाहून दहाच्या सुमारास पोचणार होत्या, आणि वुकोसावाने सकाळी सहालाच स्वयंपाकघर सोलून काढलं होतं. सोलून हाच शब्द बरोबर. कॅलेंडर खाली उतरलं. घराण्याच्या संताची तसबीर स्वच्छ चादरीत गुंडाळून कपाटात गेली, आणि तिच्यामागोमाग नवऱ्याचा, तिहोमिरचा, काळी फीत लावलेला फोटोही गेला. तेलाच्या बाटलीवरचं लेबल गरम पाण्याने सुटलं. बरण्यांवर तिने स्वतःच्या हाताने लिहून डकवलेल्या चिठ्ठ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. गळ्यातला क्रॉस आत सरकवला आणि शेवटी डोक्याचा रुमालही सोडला. रुमालावरून देश ओळखू येतो, हे तिला मुलानेच शिकवलं होतं.

"बघ रे वोयिन, राहिलंय का काही?"

वोयिनने दारातूनच नजर फिरवली. "फ्रिजवरचं चुंबक."

"अगं बाई, खरंच की!" म्हणत तिने तेही उचललं.

दोघांपैकी एकाच्याही मनात शंका आली नाही. येणार कुठून? लेस्कोवात्स शहराजवळच्या या घराला सोळा वर्षांची सवय होती. वोयिनचा धंदा स्टॉक फोटोंचा. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधीच माल तयार ठेवायचा. हसरं कुटुंब, आजारी म्हातारा, बँकेत सही करणारं जोडपं, असे फोटो काढून इंटरनेटवरच्या दुकानात टांगायचे आणि जगात ज्याला लागेल त्याने ते उचलायचे. रेडिमेड शर्टच म्हणा ना. तो कुणाच्याही अंगाला बसला पाहिजे, म्हणून फोटोत अक्षर नको, देव नको, गाव नको. मोहरीएवढं अक्षर दिसलं तरी दुकानवाले फोटो परत पाठवायचे. मग उरायचं काय? नुसता हसरा चेहरा.

आणि चेहरे फुकटातले, घरचेच. कापडगिरणी बंद पडल्यापासून तिहोमिर घरी बसून होता आणि वुकोसावा तर कायमचीच हाताशी. एकाच लग्नातल्या कोटावर तिहोमिर निवृत्त शिक्षक झाला, विमा उतरवणारा झाला, नातवाची वाट बघणारा आजोबा झाला. वुकोसावा पांढरा डगला चढवून डॉक्टरीण व्हायची. तो काढला की पेशंट! हसण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. काय दिवस होते ते! सकाळी उठायचं, कॉफी प्यायची आणि तिघांनी मिळून जगाला फसवायचं. जेवताना तिहोमिर विचारायचा, "आज कुठल्या देशात विकलो गेलो रे?" आणि वोयिन कंप्युटरवर बघून सांगायचा.

मग हळूहळू जग कंटाळलं. एकच आजी शेजारीशेजारी दोन फलकांवर दिसायला लागली, एका फलकावर सांधेदुखीचं मलम लावणारी आणि दुसऱ्यावर कर्ज घेणारी. लोक हसायला लागले. मोठ्या कंपन्या म्हणाल्या, रेडिमेड पुरे, आता आमच्या मापाचं शिवून द्या. आमचीच माणसं, आमचंच घर, दुसऱ्या कुणाकडे नसलेला फोटो. उरलीसुरली फुटकळ गिऱ्हाइकं कंप्युटरने पळवली. तो तर जन्मालाच न आलेल्या आज्ज्या बनवायला लागला. त्यातच दोन वर्षांपूर्वी तिहोमिर गेला. आठ महिन्यांत वोयिनचं काही धड विकलं गेलं नव्हतं, आणि स्टुटगार्टला मावसभावाच्या गोदामात खोकी उचलायला जायचं जवळजवळ ठरलं होतं. आईला एकटं टाकून.

अशात ही बरण्यांतून लोणची-मुरांबे विकणारी कंपनी आली. त्यांना खऱ्या घरात, खऱ्या आजीने वर्षभर काय काय भरून ठेवलं त्याचे फोटो हवे होते. शरदात भाजलेल्या मिरच्या आटवून केलेला आयवार, थंडीत आंबवलेला कोबी, उन्हाळ्यात चेरीचा मुरांबा. वर्षभराचं काम होतं. ते मिळालं तर स्टुटगार्ट टळणार होतं. घर आणि आजी बघायला त्यांनी कॉर्नेलियाबाईंना पाठवलं होतं.

कॉर्नेलियाबाई आल्या. चाळिशीच्या, सडपातळ, पायात चिखलाला चालतील असे बूट. अंगणात मिरच्या भाजल्याचा वास भरून राहिला होता, तो त्यांनी डोळे मिटून घेतला. मग हसतहसत त्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि थांबल्या.

"इथे कुणी राहत नाही का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"काय म्हणते ती?" वुकोसावा.

"विचारतेय, इथे कोण राहतं."

"म्हणावं, मी राहते! सत्तेचाळीस वर्षं! भूत राहतं का?"

वोयिनच्या कानशिलापर्यंत शरम चढली. त्याच्या लख्ख लक्षात आलं. सांगून करून घेतलेलं काम, आणि आपण त्याला रेडिमेडची धुलाई करून बसलो! खरं घर बघायला बाई एवढ्या लांबून आल्या आणि आपण घरातलं घरच काढून ठेवलं. तो ओशाळून म्हणाला, "दहा मिनिटं द्या."

दहा मिनिटांचा तास झाला, पण काय तास होता तो! वुकोसावा एकेक वस्तू परत आणायची, लावायची आणि तिची हकीकत सांगायची. तसबीर सासूच्या सासूची. कॅलेंडर खतवाल्याचं, अगदी टाकाऊ, पण त्यावर तिने कोंबड्या कधी बसवल्या ते लिहिलेलं. चिठ्ठ्या पुढे वळल्या. एका बरणीवर तिच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'तिखट, पाद्रीबाबांना देऊ नये'. वोयिनने त्याचा अर्थ सांगितल्यावर कॉर्नेलियाबाई टेबलाला धरून हसल्या. शेवटी तिहोमिरचा फोटो भिंतीवर चढला. वुकोसावाने रुमाल बांधला, क्रॉस बाहेर काढला आणि म्हणाली, "घ्या. आता मी आले."

वोयिनने कॅमेऱ्याला डोळा लावला. आई भल्यामोठ्या पातेल्यात लाकडी पळी फिरवत होती. आयवार ढवळणं क्षणभर थांबवलं तरी बुडाला लागतो, त्यामुळे तिचं पातेल्याकडे लक्ष होतं आणि कॅमेऱ्याकडे अजिबात नव्हतं. सोळा वर्षांत असा फोटो त्याने एकदाही काढला नव्हता. हे जमणार, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

आणि तेवढ्यात तिला आठवलं की आपला फोटो काढताहेत. तिने मान थोडी तिरपी केली, हनुवटी उचलली आणि हसली. तेच हसू! सोळा वर्षांचं, घोटून घोटून गुळगुळीत झालेलं.

कॉर्नेलियाबाई पुढे वाकल्या. "यांना मी पाहिलंय कुठेतरी." त्यांनी फोन काढला, वुकोसावाचा फोटो घेतला आणि इंटरनेटवर शोधायला टाकला. फोनवर एकाखाली एक वुकोसावा उतरायला लागल्या. सर्वांत वर कवळी चिकटवायच्या मलमाची जाहिरात होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते याहून निराळं काय!

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खाली बसून हळू आवाजात सांगितलं, "करारात लिहिलंय. चेहरा आधी कुठेही विकलेला नको. तुमच्या आई आमच्या बरणीवर आल्या, तर लोक म्हणतील, ही तर कवळीवाली. मला खरी आजी पाहिजे."

"ही खरीच आहे," वोयिन म्हणाला. त्याचा आवाज चढला. "हे घर तिचं, पातेलं तिचं, मिरच्या तिने लावल्यात. हिच्याहून खरी कुठून आणू?"

"मला कळतंय. पण मग हे काम मला दुसऱ्या घरी न्यावं लागेल."

वस्तू परत लावता आल्या. चेहरा कुठून परत आणायचा? तो तर त्यानेच विकला होता, हजारदा, ज्याला हवा त्याला. आईने नुसतं प्रत्येक कागदावर सही केली होती, मुलगा म्हणतोय म्हणून.

"काय झालं?" वुकोसावाने विचारलं. पळी थांबली नव्हती. "खरं सांग. तोंड बघ तुझं, दही नासल्यासारखं."

त्याने सांगितलं. मग म्हणाला, "जाऊ दे आई. मी नाही म्हणतो त्यांना."

"नाही म्हणतोस? आणि जातोस खोकी उचलायला? गाढवा!" तिने कमरेचा एप्रन सोडला. "कुंपणावरून स्तानियाला हाक मार. तिला आजवर कुत्र्यानेसुद्धा वळून बघितलेलं नाही, तिचा चेहरा कोराच असेल."

शेजारची स्तानिया आली ती भांडतच. "मी आयवारात लसूण घालत नाही, आधीच सांगते! लसणाच्या आयवाराशी माझा फोटो काढलात तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"गप बस आणि ढवळ," म्हणत वुकोसावाने तिला स्वतःचा एप्रन बांधला, स्वतःचा रुमाल बांधला, आणि पळी हातात दिली.

उजेड कमी पडत होता. पूर्वी अशा वेळी उजेड परतवणारी पांढरी छत्री तिहोमिर धरायचा. आता ती वुकोसावाने उचलली आणि स्तानियाच्या चेहऱ्यावर उजेड पाडत उभी राहिली. "डावीकडे बघ. हसू नकोस मेले, पातेल्याकडे बघ. हां, असं." दोन तास तिने हात खाली घेतला नाही. फोटो सुरेख आले. कॉर्नेलियाबाई खूश होत्या आणि वर्षभराचं काम पक्कं झालं. वोयिनला मात्र प्रत्येक फोटो घेताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

निघताना बाईंनी त्याला गाडीपाशी बोलावलं. "एक सुचवू? त्यांचे जुने फोटो विक्रीतून काढून घ्या. वर्षभरात जाहिराती बदलतात, लोक विसरतात. पुढच्या शरदात मी कंपनीशी बोलेन. मग त्याच येतील बरणीवर. खाली नावासकट."

नावासकट! सोळा वर्षांत आईच्या एकाही फोटोखाली तिचं नाव आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वोयिन कंप्युटरपाशी बसला आणि आईला शेजारी बसवलं. दुकानात तिचे चार हजारांवर फोटो टांगलेले होते. "एकदा सगळे निवडले की एका बटणात जातील," तो म्हणाला. "मग तू पुन्हा आमचीच."

"थांब. बघू तर दे."

तिने चष्मा लावला. पडद्यावर विमा कंपनीचा एजंट घरी आला होता, तिहोमिर सही करत होता आणि ती कौतुकाने बघत होती. "हा केक आठवतो? घराण्याच्या संताच्या सणाचा होता. तू म्हणालास, फोटो होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तुझ्या बापाने हळूच एका बाजूने बोटाने खाल्ला."

"म्हणून तर तो फिरवून ठेवावा लागला!"

"आणि हा दवाखान्यातला. मी डॉक्टरीण. तो म्हणत होता, जन्मभर हिचंच ऐकलं, आता नाडीपण हिच्याच हातात."

दोघं हसली. पुढचा, मग त्याच्या पुढचा. वुकोसावाला एकाही फोटोतलं सोंग आठवत नव्हतं, त्या दिवशी घरात काय झालं होतं तेवढंच आठवत होतं. बाहेर पाऊस पडला होता, दाढ दुखत होती, वोयिनचं लग्न मोडलं होतं त्या आठवड्यात तर आनंदी जोडप्याचे दोनशे फोटो काढले होते. कॉफी निवून गेली. वोयिन खुणा करत चालला होता. सगळ्यांवर खुणा झाल्या, तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, नक्की काढायचे का?

"आणि हा?" तिने तिहोमिरवर बोट ठेवलं.

"बाबाही जातील ना. तुम्ही दोघं एकाच फोटोत आहात, तुला काढलं की तेही निघणार. पण माझ्या डिस्कवर सगळे आहेत, आई. घरातच राहतील."

"घरात," ती म्हणाली. "जन्मभर घरातच तर होता तो. इथल्या निश शहराच्या पुढे गेला का कधी? पासपोर्टच्या रांगेत दोनदा उभा राहिला आणि दोनदा शिफ्ट चुकेल म्हणून परत आला. समुद्र बघायचा होता रे त्याला. तू सांगितलं होतंस ना, कुठल्याशा बेटावर औषधाच्या दुकानात आमचा एवढा मोठा फोटो लावलाय म्हणून?"

"हो. पोर्तुगालकडचं बेट."

"मग? आत्ता कुठे हिंडायला लागलाय, त्याला परत बोलावून पेटीत घालतोस?"

"पण आई, बरणीवर तुझं नाव येईल."

"काल मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाटलं. माझ्या चुलीपुढे माझा रुमाल बांधून ती उभी, आणि मी छत्री धरून. पण कुणी मला खोटी म्हटलं म्हणून मी खोटी होत नाही, वोयिन. मी आहे इथे. उद्या पातेलं घासायला मीच असणार आहे. तुझा बाप नाही. तो आता तिथेच आहे."

वोयिनला पडदा धूसर दिसायला लागला. त्याने डोळे मनगटाने पुसले आणि 'नको' वर दाबलं. सगळ्या खुणा एकदम उतरल्या, आणि ती दोघं होती तशी दुकानात उभी राहिली, हसत, कुणीही उचलून न्यावं अशी.

वुकोसावा उठली आणि निवलेली कॉफी चुलीवर ठेवायला गेली. तिथूनच, त्याच्याकडे पाठ करून, म्हणाली, "आणि एकटा तरी कुठे पाठवलाय त्याला? जिथे जाईल तिथे मी आहेच शेजारी."