रांगेतली शेवटची बाटली

"नातीला फीट येते तुज्या! दातखिळी बसते!" नागूबुवा डोळे मिटून ओरडला आणि भिसेगावच्या मांडवातल्या बायकांनी एकदम हात जोडले. सासूबाई रडायलाच लागल्या. माझ्या लेकीची, सुंदराची फीट आम्ही डॉक्टरांखेरीज कुणालाच सांगितली नव्हती.

"दवाखान्याची गोळी बंद! गोळीनं देव रुसतो. अंगारा द्या, न् नाय दिला तर..." बुवा पुढचं बोलला नाही. तेवढं पुरलं.

घरी सासूबाईंनी गोळ्या कणगीत दडवल्या. "त्याला कळलं कसं मग? सांग ना, शिकलेली हायस!"

मी बी.ए. झालेली; पण आधी गोळी हवी होती. गोळी चुकली तर झटका येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

नव्या गोळ्यांसाठी सुंदराला घेऊन दवाखाना गाठला. तिथे माणसं नाही, बाटल्या रांगेत असतात. औषधासाठी आणलेली घरची बाटली ओट्यावर नंबराला ठेवायची आणि डॉक्टरांच्या पडद्यालगतच्या बाकावर बसायचं. पायाला पट्टी बांधलेल्या गजा नावाच्या माणसाचा नंबर आला. त्यानं लंगडत जाऊन बाटली उचलून रांगेच्या शेवटी ठेवली.

"जावा वैनी पुढं. पोर लहान हाय."

मागच्या खेपेलाही असंच म्हणाला होता. भला माणूस, वाटलं होतं. आज वाटलं, हा आत जातो तरी कधी? आणि आठवलं: मांडवात नारळ फोडायला हाच होता. तिथे लंगडत नव्हता.

आत जाऊन मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टर, हिला डाव्या कानानं ऐकू येत नाही हो!" आणि ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टर बघतच राहिले.

गुरुवारी बुवा घुमला. "डावा कान! देवानं पोरीचा डावा कान बंद केलाय!"

मी सुंदराचा उजवा कान दाबून डाव्यात कुजबुजले, "गूळ हवा?"

"हवा!"

मांडव हसला. मी म्हणाले, "हे खोटं मी फक्त दवाखान्यात बोलले. पडद्याबाहेर गजा होता." गजा पट्टीच्या पायानं असा पळाला, की पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही.

सासूबाईंनी कणगीतून गोळ्या काढून दिल्या. बुवाही गाव सोडून गेला. पण गल्लीत माझी पोर आता 'फीटवाली सुंदरा' आहे. ते कोण परत घेणार?

"पडद्याच्या जागी दार बसवा," मी डॉक्टरांना म्हणाले.

"आजवर कुणी तक्रार केली नाही," ते म्हणाले.

कशी करणार? सगळे बुवापुढे हात जोडून बसले होते! बायांनो, कुणी तुमच्या घरातलं दुखणं ओळखलं, तर आधी एवढंच आठवा: ते आपण कुठे बोललो, आणि तिथे कोण बसलं होतं. आणि चला माझ्याबरोबर, दार मागायला. मी एकटी तीनदा जाऊन आले. पडदा अजून तिथेच आहे.