बिल्ला नंबर सत्तेचाळीस

मी एक जुना पितळी बिल्ला आहे, मित्रांनो. रुपयाएवढा गोल, वर एक भोक आणि मधोमध ठोकलेला आकडा : ४७. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे का, याची मला अजून खात्री नाही. पण एका माणसाचं म्हातारपण माझ्यावर टांगलं होतं, म्हणून सांगतो.

१९६० च्या दिवाळीनंतर, भाईंदरच्या खारी गावाजवळच्या मिठागरावर, मला राघोच्या सदऱ्याला लावलं. राघो रत्नागिरीकडचा. खाऱ्या वाऱ्याने मी आठवड्याभरात हिरवा पडे. त्याची बायको सुगंधा मला चिंचेने घासून उजळ करी. त्या दिवसांत मी थोडा गर्विष्ठ झालो होतो, हे कबूल केलेलं बरं.

मिठागरावर एक रीत होती. कोणी आजारी पडला की त्याच्या बिल्ल्यावर घरचा दुसरा माणूस कामाला येई. मुकादमाला सांगत नसत. बिल्ला म्हणजे नोकरी; ती परक्याला जाईल ही भीती. १९६६ च्या माघात राघोला विषमज्वर झाला. महिनाभर त्याचा धाकटा भाऊ महिपत मला लावून मीठ ओढत होता. राघो हजेरीवर सही करी, महिपत अंगठा. नेमके तेव्हाच सरकारी इन्स्पेक्टर तपासणीला आले.

"राघो तूच का?"

"न्हाय साहेब, मी महिपत. दादा तापाने पडलाय."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. घरी राघो अंथरुणातूनच ओरडला, "खरं बोलायची एवढी हौस होती, तर देवळात जाऊन बोलायचं!"

मालकांनी नेमलेल्या ट्रस्टची पेन्शनची योजना होती : सलग पंधरा हंगाम झाले की पेन्शन. १९७५ साली राघोचे हात थकले. ट्रस्टींनी त्याचा अर्ज परत पाठवला. सहासष्टच्या हजेरीत सहीऐवजी अंगठा आहे, म्हणजे माणूस बदलला, सेवा तुटली! आजारपणाची सूट नियमात होती, पण आजार मिठागराच्या कागदांत कुठेच नव्हता. इन्स्पेक्टरांच्या नोंदीची नक्कल सरकारी कचेरीकडे मागितली, तर वर्षभर उत्तर नाही. मी पिठाच्या डब्यामागे पडून राहिलो. चिंच कोणाला सुचणार?

शेजारी मार्सेलिन टीचर राहत, मूळच्या उत्तनच्या. त्यांनी लोकायुक्तांना तक्रार लिहून दिली. उत्तर आलं, ते त्यांनी दारातच वाचलं : योजना खासगी ट्रस्टची असल्याने तिची चौकशी करण्याचा अधिकार या कार्यालयाला नाही.

"मग एवढा मोठा साहेब बसवलाय कशाला?" सुगंधा म्हणाली.

"सरकारी माणसांवर लक्ष ठेवायला. मालकाच्या ट्रस्टींना विचारायचं कोणी, ते कायद्यात राहूनच गेलंय. थांब ग, रडू नको. खाली आणखी दोन ओळी आहेत."

नक्कल द्यायला सरकारी कचेरीने लावलेला उशीर मात्र लोकायुक्तांनी चौकशीला घेतला होता.

तीन आठवड्यांत नक्कल आली. 'बिल्ला ४७. राघो तापाने आजारी. बदली भाऊ महिपत.' ट्रस्टींना बोलायला जागा उरली नाही. पेन्शन मंजूर झाली.

त्या संध्याकाळी सुगंधाने मला पुन्हा चिंचेने घासलं. इतकं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं. राघोने मला उचललं आणि महिपतच्या सदऱ्याला लावलं.

"दादा, हे काय?"

"गप बस. तो महिना तुझा होता." मग तो तोंड फिरवून म्हणाला, "आणि बोल खरं. कुठंही बोल."

पण अठ्ठेचाळीस नंबरवाला शिवा अजून पेन्शनची वाट पाहतोय. त्याच्या आजारपणातही असाच घरचा माणूस बदली आला होता. त्याची नोंद कोणी केली नाही, आणि ट्रस्टींना विचारणारं कोणी नाही.

मित्रांनो, घरातले जुने बिल्ले, चिठ्ठ्या, नकला जपून ठेवा. आणि मोठेपणी नियम लिहायला बसलात, तर शिवासाठी एक ओळ लिहा. मला पितळेला घाई नाही. त्याला आहे.