सहाव्या जागेचा फोटो

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, अठरा दिवस उरले असताना दोघांचे रक्ताचे रिपोर्ट आले. साक्षी सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची वाहक निघाली आणि पियूषही. दोघं धडधाकट होते, त्यांना स्वतःला कधी त्रास झाला नव्हता. पण लग्न झालं तर होणाऱ्या प्रत्येक बाळाला चारात एक या हिशेबाने तो आजार पुरता होण्याची शक्यता होती.

पियूष चरोद्याच्या रेल्वे यार्डात नोकरीला होता. तिथूनच त्याने फोन केला. "मम्मी लग्नाले नाही म्हणून राहिली. तू तो पढ़ाती है ना ये सब, तूच समजाव तिले."

साक्षी कुम्हारीच्या एका कॉलेजात बायोटेकची प्रॅक्टिकल घ्यायची. पियूषचा मोठा भाऊ शुभंकर याच आजाराने अकराव्या वर्षी गेला होता, हे तिला ठाऊक होतं. तिला वाटलं, त्याची आई, भागीरथाकाकू, न दिसणाऱ्या गोष्टीला भीत असणार. ती गोष्ट केवढीशी आहे हे एकदा दाखवलं, की भीती थोडी उतरेल. मग गरोदरपणातल्या तपासणीचं बोलता येईल.

शनिवारी दुपारी लॅब रिकामी झाल्यावर तिने ब्राउझरमध्ये रेणूंची रचना दाखवणारं एक पान उघडलं. सिकलच्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीची रचना पडद्यावर आली. वळलेल्या फितींचा गुंताच तो. माउसने फिरवत फिरवत तिने त्यातली आजार घडवणारी सहावी जागा शोधली, तेवढीच लाल केली आणि बाकीचं सगळं राखाडी. मग फोटो सेव्ह करायचं बटण दाबलं.

फोनवर उघडून पाहिलं तर मागे काळंकुट्ट, फिती त्यात बुडालेल्या. मागची बाजू पारदर्शक राहिली होती. तिने सेटिंगमध्ये जाऊन मागे पांढरा रंग दिला, आकार मोठा केला. या खटपटीत माउस सरकला आणि पुढच्या फोटोत लाल जागा पार मागे गेली. चौथ्या खेपेला मनासारखा फोटो आला. घरी जाताना तिने तो जाड कागदावर छापून घेतला.

रविवारी ती वैशाली नगरला पियूषच्या घरी गेली; सुट्टी असल्याने तोही घरीच होता. काकूंना जयभीम घातला आणि चहा व्हायच्या आधीच कागद पुढे ठेवला.

"हे काय होय वं?"

"रक्तातल्या हिमोग्लोबिनची एक साखळी, काकू. एकशे शेचाळीस तुकडे ओळीनं जोडले असतात. त्यातला हा लाल दिसते ना, सहावा, तो बदलला की सिकल."

"एकच?"

"हाव. एकच."

काकूंनी चष्मा लावला. मग त्या लाल जागेवर बोट ठेवलं.

"मंग मी शुभंकरले थंड्या पाण्यानं आंघोळ घालत जाव, म्हणून नाही झालं?"

"नाही."

"त्याची आजी म्हणे, माह्या दुधातच खोट हाये."

"नाही काकू. तुमच्या हातात काहीच नव्हतं."

काकू रडायला लागल्या. साक्षीने त्यांचा हात धरला. क्षणभर तिला वाटलं, जमलं.

"एवढ्याशानं," काकू म्हणाल्या. "दुखणं उठलं का पाय तोडून टाक म्हणे पोरगं मले, आई, पाय तोडून टाक. अन् ते एवढंसं होतं?"

"आता तपासणी होते, काकू. पोटात असतानाच समजते."

"अन् समजलं मंग? काय करशीन तू?"

साक्षीने हा प्रश्न स्वतःलाही विचारला नव्हता.

"तुले नाही म्हणून नाही राहिली बाई मी. तुह्यासारखी सून मले भेटत नाही. पण मी जे पाह्यलं, ते तुले नाही पाहू देणार."

साक्षीने पियूषकडे पाहिलं. "तू बोल ना."

"क्या बोलूँ यार?" तो फरशीकडे पाहत म्हणाला. "भाईचं मीपण पाह्यलं ना. नाही होणार माह्यानं."

आईला समजावायला त्याने तिला पाठवलं होतं खरं, पण त्यालाही हे लग्न नकोच होतं. ते त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणवत नव्हतं, एवढंच. साक्षी उठली. कागद उचलायला गेली तर काकूंनी त्यावर हात ठेवला. "हा राहू दे माह्याजवळ." आणि त्यांनी तो शुभंकरच्या दवाखान्याच्या जुन्या फाइलीत नीट लावून ठेवला.

पियूष तिला फाटकापर्यंतही सोडायला आला नाही.

घरी तिचे बाबा, देवीदास, समोरच्या खोलीत बसले होते. स्टील प्लांटमधून रिटायर झालेला हा माणूस एरवी प्रत्येक गोष्ट खोदून विचारायचा. आज तिचा चेहरा पाहून त्यांनी पियूषचं नावही काढलं नाही. चहा झाल्यावर म्हणाले, "तो फोटो मले पण दाखव बरं."

तिने फोन दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला.

"हे तुले माह्याकडून आलं, का तुह्या आईकडून?"

आत स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं.

"फोटोत तसं नाही दिसत, बाबा."

"मंग कशात दिसते?"

"तुमची दोघांची तपासणी केली तर. पण नाही करायची आपल्याले."

फोन तिच्या हातात देत बाबा, आत आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "काहाची तपासणी? माह्याकडूनच आलं असन."

वैशाली नगरपासून दाबून धरलेलं रडणं साक्षीला तेव्हा फुटलं. बाबा उठून तिच्याजवळ येऊन बसले. आतून लाटण्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.